इतिहास लोकांच्या हाती कसा येतो?

दरवर्षी हिवाळ्यात आपल्या विद्यालयाची सहल कार्ल्याच्या लेण्यांना जाते. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ती चढण, पाठीवरची शिदोरी आणि चैत्यगृहात पाऊल टाकताच एकाएकी पसरणारी शांतता आठवत असेल. तेथील भिंतींवर आणि स्तंभांवर ब्राह्मी लिपीतील लेख कोरलेले आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एक शिक्षक त्या लेखांकडे बोट दाखवून दानकर्त्यांची माहिती सांगत असताना सातवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे तुम्हाला वाचता येते का?" सरांनी प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर दिले. त्यावर तिने विचारले, "मग तुम्हाला कसे कळले?"

हा प्रश्न आम्ही इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी तेव्हापासून मनात जपून ठेवला आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला उशिरा दिलेले उत्तर आहे. संशोधक आयुष्य खर्चून जे शोधतात ते शाळेतील मुलापर्यंत, शेतावरील पालकापर्यंत, वस्तीतील वाचकापर्यंत कोणत्या वाटेने येते? आणि त्या वाटेत काय हरवते? आपल्या समाजाला हे समजून घेणे अगत्याचे आहे. ज्यांचा इतिहास दीर्घकाळ इतरांनीच लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्यांना नुसता निष्कर्ष हाती येऊन पुरत नाही. तो कशावरून काढला, हेही हाती यावे लागते.

दोन अक्षरांची किल्ली

सम्राट अशोकाने आपले लेख लोकांनी वाचावेत, ऐकावेत म्हणून लोकांच्या बोलीत कोरविले. परंतु काळाच्या ओघात ती लिपीच विस्मृतीत गेली. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हा त्यांवरील मजकूर वाचू शकणारा एकही विद्वान त्याला मिळाला नाही.

ही कोंडी १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी फोडली. त्यांना किल्ली सापडली ती राजाज्ञांच्या मोठ्या लेखांत नव्हे, तर सांची येथील स्तूपाच्या कठड्यांवरील लहानलहान लेखांत. त्या लेखांचे ठसे न्याहाळताना त्यांच्या लक्षात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. हे लेख एखाद्या दीर्घ मजकुराचे तुकडे नसून प्रत्येक लेख स्वतंत्र असावा, आणि स्तूपाला भेट दिलेल्या दगडावर कोरला आहे त्या अर्थी शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा तर्क त्यांनी केला. त्याआधी वारंवार येणारे अक्षर 'अमक्याचे' हा संबंध दाखवणारा 'स' असला पाहिजे. एवढा धागा हाती येताच उरलेली अक्षरे भराभर उलगडत गेली.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. सम्राटाचे शब्द पुन्हा वाचता आले ते सामान्य दानकर्त्यांच्या नावांमुळे. दुसरी गोष्ट अशी की, लेखांतील 'पियदसि' राजा कोण, याविषयी प्रिन्सेप यांचा पहिला अंदाज चुकला होता. तो सिंहलद्वीपाचा राजा असावा असे त्यांना वाटले. श्रीलंकेतील पालि ग्रंथांचे अभ्यासक जॉर्ज टर्नर यांनी तेथील इतिहासग्रंथांच्या आधारे पियदसि म्हणजेच अशोक हे दाखवून दिले आणि प्रिन्सेप यांनी ते मान्य केले. पुढे १९१५ साली कर्नाटकातील मस्की येथे प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव असलेला लेख मिळाला व शंकेला जागा उरली नाही. चूक करणे, ती उघडपणे दुरुस्त करणे आणि नवा पुरावा आला की पुन्हा तपासणे, ही संशोधनाची रीत आहे.

तथापि हे सर्व एशियाटिक सोसायटीच्या इंग्रजी नियतकालिकात छापले गेले. कार्ल्याचे लेखही जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले, तेही इंग्रजीत. लेण्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला आपल्या डोंगरावर काय लिहिले आहे हे कळण्याची सोय त्यात नव्हती. लिपी उलगडली होती. लोकांपर्यंतचे अंतर मात्र अजून कापायचे होते.

'बालबोधमेवा' आणि धर्मानंद

हे अंतर कापणाऱ्यांमध्ये धर्मानंद कोसंबी यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते. 'बालबोधमेवा' या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकात आलेले बुद्धांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते श्रीलंकेस पोहोचले आणि तेथे १९०२ साली दीक्षा घेऊन पालि भाषेचे अध्ययन करू लागले. पुढे याच गृहस्थांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण केले. मुलांच्या मासिकातील एका लेखाने जगन्मान्य पंडित घडविला. लोकांसाठी, मुलांसाठी केलेले लेखन हे दुय्यम काम आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

कलकत्त्यात पालि शिकवत असताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडून एक प्रस्ताव आला. दरमहा पन्नास रुपये मिळतील. मात्र महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे आणि बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत, अशी त्यातील अट होती. अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी हे पन्नास रुपये पत्करले, कारण जे ज्ञान त्यांनी परदेशी जाऊन मिळविले ते त्यांना स्वभाषिकांना द्यायचे होते. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'भगवान बुद्ध' असे त्यांचे ग्रंथ मराठीत निर्माण झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालि शिकविली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी पुढे १९५६ साली, बुद्धपरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त, भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे संपादन केले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत धर्मानंदांनी 'बहुजन विहार' उभारला, हेही त्याच वृत्तीचे फळ होते.

पुराव्यासह सांगणे

धर्मानंदांनी नुसती सोपी भाषा वापरली असती, तर एवढ्या तपशिलाने त्यांच्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांची खरी थोरवी अशी की, त्यांनी वाचकाला निष्कर्षासोबत पुरावाही दिला. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग घ्या. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून त्याने रात्री गुपचूप घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात धर्मानंद वाचकाला सरळ पालि ग्रंथांसमोर नेऊन बसवितात. दीघनिकायातील महापदान सुत्तात ही चार दृश्यांची कथा येते, परंतु ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तर स्वतः बुद्ध सांगतात की, आईवडील अश्रू ढाळत असताना आपण घर सोडले. मग गुपचूप निघून जाण्याचा प्रश्न उरतो कोठे? सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात बुद्धांनी शस्त्रधारणातून उपजणाऱ्या भयाचा उल्लेख केला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून कलह होता, हे परंपरेने सांगितलेले आहे. या सर्वांचा मेळ घालून, त्या कलहाला विटून सिद्धार्थ घराबाहेर पडला असावा, असा निष्कर्ष धर्मानंदांनी काढला.

या निष्कर्षातील प्रत्येक पायरी वाचकाला तपासता येते. रोहिणीच्या कलहाची प्रसिद्ध अट्ठकथा बुद्धत्वप्राप्तीनंतरच्या काळातील आहे. तेव्हा तो कलह आधीपासून होता हे अनुमान आहे, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. घ्यावाच. आक्षेप घेण्याइतके साहित्य लेखकाने आपल्या हाती दिले आहे, हा त्याने वाचकाचा केलेला सन्मान आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिलाच प्रश्न सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली हा आहे. परंपरागत उत्तर त्यांना बुद्धीला पटणारे वाटले नाही, आणि त्यांच्या ग्रंथात शाक्य-कोलियांचा पाण्याचा तंटा हाच गृहत्यागाचा केंद्रबिंदू आहे. तो ग्रंथ आज विहाराविहारांत वाचला जातो. पालि सुत्तांतील सूक्ष्म वाटणारा एक प्रश्न अशा रीतीने लाखो घरांपर्यंत पोहोचला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण जपणाऱ्या समाजाला पाण्याच्या तंट्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

लोकांसमोर येणाऱ्या संशोधकाला लोकांचा रोषही सोसावा लागतो. त्याच 'भगवान बुद्ध' ग्रंथातील मांसाहारविषयक विवेचनावरून मोठा वाद उद्भवला. विद्वानांच्या बैठकीत जे विधान टिपणापुरते राहते, तेच लोकांत आले की कोणाच्या तरी श्रद्धेला भिडते. अशा वेळी अभ्यासकाने लोकांना अज्ञानी म्हणून झटकू नये आणि भीतीपोटी पुरावाही लपवू नये.

पिता मराठीत, पुत्र इंग्रजीत

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक होते. १९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. इतिहास हा त्यांचा पेशा नव्हता. तरीही १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीच्या ग्रंथाने इतिहासलेखनाला नवे वळण दिले. पुण्याच्या परिसरातील टेकड्या त्यांनी पायी तुडविल्या. धनगरांच्या वाटा, गावदेवीची ठाणी, जुन्या वाटांचे तिठे, सूक्ष्म पाषाणहत्यारे यांची ते नोंद करीत आणि गावकऱ्यांना प्रश्न विचारीत. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी बोरघाटाच्या माथ्याशी आणि जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर का आहेत, याचे उत्तर त्यांनी व्यापारी मार्गांत शोधले.

कार्ल्याच्या लेखांशी हे विवेचन ताडून पाहावे. चैत्यगृह पूर्ण करविल्याचा उल्लेख वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीच्या नावे आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी. धेनुकाकट या ठिकाणचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी तेथे आहे, यवन दानकर्ते आहेत, आणि वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा एक सुतारही आहे. दाराचे काम आपण केले, असे त्याने दगडावर नोंदवून ठेवले आहे. दूरदूरची ही माणसे या घाटमाथ्यावर का आली, हे वाटांचा नकाशा पुढे ठेवला की उमगते.

मात्र येथे एक खंत नोंदविली पाहिजे. दामोदर कोसंबींनी माहिती घेतली मराठी माणसांकडून, आणि ग्रंथ लिहिले इंग्रजीत. त्यामुळे जगभरच्या विद्वानांशी त्यांचा संवाद झाला, हे खरे. पण ज्या गावकऱ्याने ठाण्याची जागा दाखविली, त्याला किंवा त्याच्या नातवाला त्यातून काय निघाले हे कळण्यासाठी भाषांतरकाराची वाट पाहावी लागली. पिता मराठीत लिहिणारा आणि पुत्र इंग्रजीत. ज्ञानाला दोन्ही भाषांची गरज आहे. परंतु घेतले जेथून तेथे ते परत करणे हे अभ्यासकाचे ऋण आहे, असे आम्हाला वाटते. हे ऋण फेडणाऱ्यांत डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांचा उल्लेख आवर्जून करावा लागेल. कान्हेरीच्या लेखांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या या विदुषीने 'पुराभिलेखविद्या' हा ग्रंथ मराठीत लिहून मराठी वाचकाला लेखवाचनाची विद्याच उपलब्ध करून दिली.

ज्यांचा इतिहास त्यांच्या दारी

आतापर्यंत पाहिलेली वाट अभ्यासकाकडून लोकांकडे येणारी होती. उलट दिशेची वाटही आहे. अमेरिकेतील इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी बाबासाहेबांच्या चळवळीवर प्रबंध लिहून १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यासाठी त्या महाराष्ट्रात येऊन राहिल्या आणि चळवळीतील माणसांना भेटल्या. चळवळीची पत्रके, नियतकालिके, जयंतीच्या स्मरणिका अशी कागदपत्रे तेव्हा विद्यापीठांच्या ग्रंथालयांत क्वचितच असत. ती कार्यकर्त्यांनी आपापल्या घरी जपली होती. नागपूरचे वसंत मून हे अशा संग्राहकांपैकी एक. त्यांच्याच संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड प्रसिद्ध करण्यास १९७९ साली आरंभ केला. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी एखादा विद्यार्थी मूळ लेखन उघडून "खरोखर असे म्हटले आहे का?" हे पाहू शकतो, ते या खंडांमुळे.

१९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ आला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा हा इतिहास आहे. त्यासाठी लेखिका त्या वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांच्या घरी गेल्या आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून घेतल्या. या स्त्रिया परिषदांना गेल्या होत्या, मोर्चांत चालल्या होत्या, कोणी मुलींच्या शाळा व वसतिगृहे चालविली होती. परंतु छापील इतिहासात त्यांची नावे फारशी नव्हती. ग्रंथाच्या नावातील 'ही' हे एक अक्षरच सर्व सांगून जाते. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि विद्यापीठांतील अभ्यासकांना मराठी वस्तीतील स्त्रियांकडून शिकावे लागले.

वाचकाचे कर्तव्य

आज इतिहास भ्रमणध्वनीवर दर तासाला येऊन पडतो. त्यात आपल्या अभिमानाला सुखावणाऱ्या गोष्टी असतात, तशाच आपल्याला हिणवणाऱ्याही असतात. दोहोंना एकच कसोटी लावावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो आणि पालकांनाही नम्रपणे सुचवितो. हे कशावरून म्हणता? लेख, नाणे, कागद, उत्खनन की ऐकीव गोष्ट? तो पुरावा घटनेच्या किती जवळचा आहे? किती खात्रीने म्हणता, 'आहे' की 'असावे'? आणि याविषयी दुसरे मत कोणते? जो लेखक या प्रश्नांची उत्तरे देतो, त्याचे मत आपल्याला न रुचले तरी त्याला ऐकावे. जो देत नाही, त्याचे मत कितीही गोड वाटले तरी पुढे पाठवू नये. आपल्या बाजूची खोटी गोष्ट ही आपल्याच खऱ्या इतिहासाला कमकुवत करते. ती एकदा उघडी पडली की लोक आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

आपली पत्र्याची पेटी

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आपल्या वसतिगृहाचे जुने दप्तर उघडले. हजेरीपट मिळाले, देणगीदारांच्या याद्या मिळाल्या, अध्यक्षांच्या भाषणांची कात्रणे मिळाली. सुरुवातीच्या वर्षांच्या खर्चाच्या वहीत मात्र एके ठिकाणी एवढीच नोंद आहे: 'स्वयंपाकी बाया – दोन'. पहाटे चार वाजता चूल पेटवून ज्यांनी आपल्या पहिल्या तुकड्यांना भाकरी घातली, त्यांची नावे आमच्या दप्तरात नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचा गाव कार्ल्याच्या दगडाने राखला. आम्हाला आमच्या वहीत दोन नावे राखता आली नाहीत. हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही येथे लिहून ठेवत आहोत.

तो दूर करणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांनी घरातील पत्र्याची पेटी उघडावी. जुनी पत्रे, गुणपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, छायाचित्रे असतील तर ती फेकू नयेत, त्यांवर प्लास्टिकचे आवरणही चढवू नये, कारण ते पुढे निघत नाही व मूळ कागद खराब करते. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, माणसांची नावे, ठिकाण आणि साल लिहावे. साल नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' हा शब्द जरूर लिहावा. आईवडिलांना, आजीला त्या दिवसांविषयी विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आपल्या मनाने ते सुधारू नये. मूळ वस्तू आपल्याचपाशी ठेवून नक्कल विद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही द्याव्यात.

आणि त्या दोन बायांची नावे ज्यांना आठवत असतील, त्यांनी ती आम्हाला कळवावीत. पुढील वर्षी सहल कार्ल्याला जाईल तेव्हा सामी सुताराच्या लेखासमोर उभे राहून मुलांना ती नावे सांगता यावीत, आणि एखादीने "तुम्हाला कसे कळले?" असे विचारलेच, तर कोणी सांगितले हेही सांगता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.